बाल सारथी, गाडीचा धनी आणि विमा : पैठणच्या गाडीवाटेवरून आजच्या पॉलिसीपर्यंत

(१)
इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठणचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, असे तो नोंदवतो. पैठणचे अकीकाच्या जातीचे दगड आणि तगरचे कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला पोहोचत असे. सातवाहनांच्या राजधानीचे वैभव या गाड्यांच्या चाकांवर उभे होते.

(२)
आता एक प्रश्न. अशा एखाद्या गाडीचे कासरे पोरसवदा मुलाच्या हाती असतील आणि चाक कोणाच्या पायावरून गेले, तर भरपाई कोणी करायची? मुलाने, गाडीच्या धन्याने, की ‘दैवगती’ म्हणून जखमीनेच सोसायचे? आज पैठणच्या एखाद्या घरात अठरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला मोटारीचा पक्का परवाना मिळतो आणि ‘गाडीचा कोणता विमा घ्यावा?’ अशी चर्चा सुरू होते, तेव्हा घर नकळत याच प्रश्नापाशी येऊन थांबलेले असते. त्या प्रश्नाचा दोन हजार वर्षांचा प्रवास या धाग्यात पाहू. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

(३)
प्रथम कौटिल्याचे अर्थशास्त्र. शतकानुशतके हा ग्रंथ केवळ इतर ग्रंथांतील उल्लेखांवरून ठाऊक होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांच्या हाती त्याचे हस्तलिखित आले आणि १९०९ मध्ये मूळ संहिता छापली गेली. पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती तीन खंडांत प्रसिद्ध केली. ग्रंथाचा काळ आणि कर्तृत्व यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आपल्याला येथे त्याच्या चौथ्या अधिकरणातील तेरावा अध्याय पाहायचा आहे. त्यात गाडीच्या अपघातांचे नियम आहेत.

(४)
हा अध्याय आधी चालकाला सूट कोणत्या वेळी द्यायची ते सांगतो. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी झाली किंवा मागे सरकली, माणसांची व जनावरांची दाटी झाली होती, अशा प्रसंगी झालेल्या इजेबद्दल चालकाला दंड नाही. म्हणजे यंत्रातील बिघाड आणि परिस्थितीचा रेटा हे चालकाच्या दोषापासून वेगळे काढले आहेत. आजचा सर्वेक्षक अपघातग्रस्त मोटारीभोवती फिरताना ब्रेक निकामी होता की चालक बेसावध होता हे तपासतो, तेव्हा तोही हाच भेद करत असतो.

(५)
त्यानंतर येतो आपल्या विषयाचा गाभा. गाडी हाकणारा अल्पवयीन असेल, तर गाडीत बसलेल्या धन्याला दंड. धनी गाडीत नसेल, तर जो गाडीत बसला आहे त्याला. चालक वयात आलेला असेल, तर त्याला स्वतःला. आणि गाडी निव्वळ पोराच्या ताब्यात असेल किंवा तिच्यावर जबाबदार माणूसच नसेल, तर ती गाडी राजाने जप्त करावी. याच ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात पुरुष सोळाव्या वर्षी व्यवहाराला पात्र होतो असे म्हटले आहे. तेव्हा ‘बाल’ कोण, याची सीमारेषाही ठरलेली होती.

(६)
मनुस्मृतीचा आठवा अध्याय आणखी एक पायरी पुढे जातो. तेथे वयापेक्षा कौशल्याला महत्त्व आहे. चालक अकुशल असल्यामुळे गाडी वाट सोडून गेली आणि इजा झाली, तर धन्याला दोनशे पणांचा दंड. चालक कुशल असेल, तर दोष त्याचा आणि दंडही त्याला. अकुशल चालकाच्या गाडीत जे बसले, त्यांनाही प्रत्येकी शंभर पण. यामागचा विचार उघड आहे : अडाण्याच्या हाती कासरा देणारा आणि ते पाहूनही गाडीत चढणारा, दोघेही जोखमीत भागीदार ठरतात.

(७)
याच अध्यायात एक सुरेख शब्द येतो : समुत्थानव्यय. जखमी माणूस पुन्हा उठून उभा राहीपर्यंत जो खर्च होईल तो. अवयवाला इजा झाली, रक्त सांडले, तर हा खर्च इजा करणाऱ्याने द्यावा असा नियम आहे. राजाच्या खजिन्यात जाणारा दंड वेगळा आणि जखमीच्या हाती पडणारा उपचारखर्च वेगळा, हा भेद आजच्या अपघात कायद्याचाही कणा आहे. फौजदारी खटला एकीकडे चालतो, नुकसानभरपाईचा दावा दुसरीकडे.

(८)
या नियमांचा पैठणशी संबंध केवळ गाडीवाटेपुरता नाही. पैठण हे धर्मशास्त्राचे पीठ होते. सोळाव्या शतकात येथील रामेश्वरभट्ट काशीला गेले आणि त्यांच्या भट्ट घराण्याने तेथे पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रग्रंथ रचले. ‘निर्णयसिंधु’ लिहिणारे कमलाकरभट्ट याच घराण्यातले. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच घराण्यातले. नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ तर इंग्रजी अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयात हिंदू कायद्याचा आधारग्रंथ म्हणून वाचला जाई.

(९)
येथे एक सावधगिरी बाळगू. ‘आपल्याकडे विमा प्राचीन काळापासून होताच’ असे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. वर पाहिलेले नियम विम्याचे नाहीत, दायित्वाचे आहेत. दोष कोणाचा आणि द्यायचे कोणी, एवढेच ते ठरवतात. देणाऱ्याजवळ पैसा नसेल तर काय, याचे उत्तर त्यांत नाही. धनी कफल्लक निघाला तर जखमीचा समुत्थानव्यय कागदावरच राहणार. विमा सुरू होतो तो या उणिवेपासून. त्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात : जोखमीची किंमत ठरवण्याची रीत आणि अनेकांचा पैसा एकत्र सांभाळणारी संस्था.

(१०)
जोखमीची किंमत ठरवण्याची रीत मात्र खरोखर जुनी आहे. अर्थशास्त्रात शेकडा मासिक व्याजाचे दर असे : साधारण कर्जाला सव्वा, व्यापारी कर्जाला पाच, अरण्यातून जाणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. याज्ञवल्क्यस्मृतीतही अरण्य व समुद्र यांचे दर हेच आहेत. अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने ‘मिताक्षरा’ लिहिणारे विज्ञानेश्वर त्याचे कारण सांगतात : अशा ठिकाणी जीव आणि धन दोन्ही नष्ट होण्याची शंका असते, मूळ रक्कमच बुडू शकते. वाट जितकी धोक्याची, तितका दर चढा. विम्याचा हप्ता याच तर्काने ठरतो.

(११)
संस्थाही होत्या. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले : दोन हजार शेकडा एक मासिक व्याजाने, एक हजार पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही; व्याजातून लेण्यातील भिक्षूंचा वस्त्रादी खर्च भागवायचा. हाही विमा नव्हे. पण एक माणूस मरेल, श्रेणी टिकेल, आणि तिचे वचन पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाईल, हा विश्वास येथे दगडावर कोरलेला आहे. विमा कंपनीकडून आपण दुसरे काय विकत घेतो?

(१२)
‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘बीम’ म्हणजे भय. त्यापासून ‘बीमा’, आणि मराठीच्या जिभेवर ‘विमा’. मोगल काळात सराफ ठरावीक मोबदला घेऊन व्यापाऱ्याचा माल मुक्कामी सुरक्षित पोहोचवण्याची हमी देत. पश्चिम किनाऱ्यावर ‘जोखमी हुंडी’ चाले. माल पाठवणारा ती हुंडी सराफाला विकून रोख पैसा घेई; माल सुखरूप पोहोचला तर घेणारा हुंडी चुकती करी; माल बुडाला तर नुकसान सराफाचे. कर्ज, हुंडी आणि विमा एकाच कागदात. मात्र हे संरक्षण मालाला होते. वाटेत गाडीखाली सापडलेल्या परक्याचा विचार त्यात कोठेच नव्हता.

(१३)
त्या परक्याचा विचार मोटारीने करायला लावला. रस्त्यावर वेग आला, अपघात वाढले, आणि बळी बहुधा पायी चालणारा गरीब असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून मोटारीचा दायित्व विमा सक्तीचा केला. ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने. आपल्याकडे सर दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये मुंबईत ‘न्यू इंडिया ॲश्युरन्स’ स्थापन केली होती. पण मोटारमालकाने विमा घ्यावाच असे बंधन नव्हते. १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, तरी त्यातील सक्तीच्या विम्याचे आठवे प्रकरण अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला.

(१४)
आणि पैठण? हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. पैठण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. गोदावरीच्या दक्षिण तीरावर शेवगावच्या बाजूला मुंबई प्रांताचा नगर जिल्हा, उत्तर तीरावर निजामी मुलूख. नदी ओलांडली की सरकार बदले आणि कायदाही. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली होती, म्हणजे मोटार संस्थानात आली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कायद्याची ही नदीकाठची सीमा इतिहासजमा झाली.

(१५)
पुढील टप्पे थोडक्यात. १९५६ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तांसाठी स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात येऊन शंभरावर कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. नवा मोटार वाहन कायदा १९८८ चा; तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाला वैधानिक आधार मिळाला, खासगी कंपन्या परतल्या, आणि २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. त्रयस्थाच्या, म्हणजे थर्ड पार्टी विम्याचे दर मात्र आजही शासनच जाहीर करते.

(१६)
येथे भारताचे एक वेगळेपण ध्यानात घ्यावे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला विचारा : घरातल्या किशोराचे नाव पॉलिसीत घातले की हप्ता कडाडतो. तेथे तरुण चालक म्हणजे समुद्रावर जाणारा व्यापारी. आपल्याकडे थर्ड पार्टी हप्ता चालकाचे वय पाहतच नाही. इंजिनाची क्षमता पाहतो. २०२२ मध्ये जाहीर झालेले खासगी मोटारींचे वार्षिक दर असे : १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. गाडी पन्नाशीचे वडील चालवोत की अठरा वर्षांची लेक, दर तोच.

(१७)
मग तारुण्याच्या जोखमीची किंमत कोण मोजतो? भारतात ती मुख्यतः गाडीचा धनी मोजतो, आणि तीही अपघात घडल्यावर. कायदा येथे कौटिल्याच्या फार जवळ उभा आहे. मोटारीच्या परवान्याचे वय १८. त्याआधी मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालक दोषी मानला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. धन्याला दंड आणि गाडी राजाच्या ताब्यात, ही जुनीच जोडी नव्या शब्दांत अवतरली आहे.

(१८)
विम्याच्या बाजूनेही हेच. परवाना नसलेल्याच्या हाती मालकाने गाडी दिली आणि कोणी दगावले, तर काय? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात विस्तृत निर्णय दिला. त्यातून रूढ झालेली रीत अशी : कंपनीने बळीच्या कुटुंबाला आधी पैसे द्यावेत आणि मालकाने अटींचा भंग केल्याचे सिद्ध झाल्यास ते त्याच्याकडून वसूल करावेत. परक्याचे संरक्षण शक्यतो तुटू नये, पण धन्याची जबाबदारीही पुसली जाऊ नये, असा हा तोल आहे. वसुली लाखांत असते. सतराव्या वर्षी दिलेली ‘एकच फेरी’ घराचे शेत विकायला लावू शकते.

(१९)
आता परवाना हाती आल्यावरची निवड. पहिला प्रश्न : केवळ थर्ड पार्टी, की पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसी? जुन्या गाडीला स्वस्त थर्ड पार्टी पुरे, असा हिशेब घरोघरी होतो, कारण नजर गाडीच्या किमतीवर असते. पण नवा चालक एकटा फिरत नाही. मागे तीन मित्र बसलेले असतात. केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत खासगी मोटारीतील या प्रवाशांना संरक्षण मिळत नाही, आणि पॅकेज पॉलिसीत ते मिळते, हे न्यायालयांच्या निर्णयांतून स्पष्ट झाले आहे. मनूने अकुशल चालकाच्या गाडीत बसणाऱ्यांचा वेगळा उल्लेख केला होता. त्यांचा विचार आजही वेगळाच करावा लागतो.

(२०)
दुसरा प्रश्न : खुद्द चालक मुलाचे काय? वडिलांच्या गाडीचा विमा आहे म्हणजे मुलालाही संरक्षण आहे, असा समज सर्वत्र आढळतो. मालक-चालकासाठी असलेला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालकासाठी असतो, आणि त्यालाही परवाना असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी येतो. तो ‘त्रयस्थ’ राहत नाही. म्हणून वडिलांच्या नावावरील गाडी लेक चालवणार असेल, तर तिच्या नावानिशी वैयक्तिक अपघात संरक्षण जोडून घ्यावे किंवा तिची स्वतंत्र अपघात पॉलिसी काढावी. रक्कम थोडी लागते. पोकळी मोठी भरते.

(२१)
तिसरा प्रश्न : गाडीची झीज आणि किरकोळ धडका. नव्या चालकाकडून बंपर, आरसे, दिवे हमखास फुटतात. साध्या पॅकेज पॉलिसीत प्लॅस्टिक व रबरी भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून वजा होते. ‘झिरो डेप’ जोड घेतली की ही कपात टळते. पहिल्या दोन-तीन वर्षांपुरती ती घेणे शहाणपणाचे. उलट, स्वेच्छेने मोठी वजावट स्वीकारून हप्ता कमी करण्याची सवलत नवशिक्याच्या घराने टाळावी. लहान लहान नुकसान खिशातूनच भरण्याची वेळ त्याच घरावर अधिक येते. पैठण, संभाजीनगर यांसारखी गावे हप्त्याच्या ‘ब’ विभागात मोडतात. मुंबई-पुण्यापेक्षा दर थोडा हलका पडतो.

(२२)
चौथा प्रश्न : नो क्लेम बोनस. पहिले वर्ष दाव्याविना गेले की स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट. पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक दावा केला की सूट शून्यावर. कल्पनेने हिशेब करू : मूळ हप्ता आठ हजार, सूट पन्नास टक्के, म्हणजे चार हजारांची बचत. मुलाने फाटकाला गाडी घासली आणि दुरुस्ती तीन हजारांची आली, तर दावा न करणेच फायद्याचे. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. म्हणून मुलाच्या नावाने गाडी घेतली तर वडिलांनी वीस वर्षांत कमावलेली सूट तिला लागत नाही. वडिलांच्या नावाने घेतली तर लागते, पण जबाबदारीही त्यांच्याच नावावर राहते.

(२३)
पाचवा प्रश्न : शिकण्यासाठी जुनी गाडी विकत घेतली तर? कायद्याने थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप येत नाही. चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आरसी बुकावर एकाचे नाव आणि पॉलिसीवर दुसऱ्याचे, अशी गाडी म्हणजे जू एका बैलाच्या मानेवर आणि जोते दुसऱ्याच्या. शिकाऊ परवान्याच्या काळात ‘एल’ पाटी आणि शेजारी परवानाधारक माणूस, या दोन्ही अटी पाळल्या तरच पॉलिसी शिकणाऱ्याच्या पाठीशी उभी राहते.

(२४)
हे सारे पैठणच्या रस्त्यावर ठेवून पाहा. संभाजीनगरची सुमारे पन्नास किलोमीटरची वाट. बिडकीनजवळ औद्योगिक वसाहतीची जड वाहने. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या, काहींच्या मागे दिवाही नाही. नाथषष्ठीला फाल्गुनात पायी चालणाऱ्या दिंड्या. कौटिल्याने सांगितलेली माणसांची आणि जनावरांची दाटी येथे दरवर्षी प्रत्यक्ष पाहायला मिळते. फरक इतकाच की आजच्या चालकाला ती सबब होऊ शकत नाही. बैलाच्या चालीने जाणाऱ्याला सूट होती. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याकडून गर्दी ओळखून वेग आवरण्याची अपेक्षा आहे.

(२५)
जुन्या शास्त्राने विचारले होते : हाकणारा कोण, धनी कोण, जखमी कोण? विमा त्यात चौथा प्रश्न घालतो : पैसा येणार कोठून? पॉलिसी निवडताना हे चारही प्रश्न कागदावर लिहावेत आणि प्रत्येकासमोर नेमके कलम सापडते का ते पाहावे. हाकणारा : त्याच्या नावानिशी अपघात संरक्षण. धनी : आरसी, पॉलिसी आणि परवाना यांचा मेळ. जखमी : थर्ड पार्टी तर हवाच, पण गाडीत बसलेल्यांसाठी पॅकेज. पैसा : खंड न पडता झालेले नूतनीकरण. एका दिवसाचा खंडही त्या दिवसाच्या अपघाताला उघडे पाडतो.

(२६)
शेवटी तरुण वाचकांसाठी एक सूचना. घरी गाडीची पॉलिसी असेल तर ती आज मागून घ्या आणि इतिहासाचे साधन वाचावे तशी वाचा. कोणाचे नाव, कोणती तारीख, कोणती अट, कोणता अपवाद. उषवदाताचा शिलालेख आपण ज्या कुतूहलाने वाचतो, ते कुतूहल या चार पानांनाही लावा. वचन तेथेही आहे आणि त्याच्या मर्यादाही. कासरा आता तुमच्या हाती आला आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत तुम्ही ‘बाल’ उरलेला नाहीत, ‘प्राप्तव्यवहार’ झाला आहात. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की यापुढे चाक कोणाच्या अंगावरून गेले, तर पहिले उत्तर तुम्ही द्यायचे आहे.

धागा समाप्त. घरात कोणी नुकताच परवाना काढला असेल, तर त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवा.